बियाण्याच्या पिशवीवरचे इंग्रजी

मृगाच्या तोंडावर जालन्याच्या मोंढ्यात बियाण्यांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नसते. भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर, घनसावंगीकडून आलेला शेतकरी कपाशीची, मक्याची, सोयाबीनची पिशवी हातात घेतो, उलटीसुलटी करून पाहतो, तारीख बघतो आणि मगच पैसे मोजतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको कंपनी सुरू केली आणि हळूहळू जालना हे बियाण्यांचे गाव म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तोही बियाण्यांच्याच कामासाठी. त्यामुळे पिशवीवरचे लेबल वाचणे ही या जिल्ह्यात घरोघरची गोष्ट आहे.

१९६६ च्या बियाणे कायद्यापासून हे लेबल ठरल्यासारखे असते: लेबल नंबर, लॉट नंबर, डेट ऑफ टेस्ट, उगवणशक्ती, शुद्धता, वजन. औषध चोळलेले बियाणे असेल तर एक इशाराही असतो, ‘डू नॉट यूज फॉर फूड, फीड ऑर ऑइल पर्पजेस’. म्हणजे हे बी खाण्यासाठी, जनावरांना घालण्यासाठी किंवा तेल काढण्यासाठी वापरू नका. इंग्रजी शिकणाऱ्या पोराला या लेबलाइतका छोटा आणि भरगच्च धडा दुसरा मिळायचा नाही. सीड, लेबल, डेट, टेस्ट, यूज, फीड, ऑइल यांतला प्रत्येक शब्द इंग्रजीत नामही आहे आणि क्रियापदही. सीड म्हणजे बी आणि सीड म्हणजे पेरणे. टेस्ट म्हणजे चाचणी, तसेच चाचणी घेणे. ऑइल म्हणजे तेल, आणि मशीनला तेल घालणे हेही ऑइलच. शब्दाला काना नाही, मात्रा नाही, शेपूट नाही. रूप तसूभरही बदलत नाही आणि काम मात्र पार बदलते.

मराठी माध्यमातल्या मुलाची इथे पंचाईत होते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. पण शब्दार्थ पाठ करण्याची आपली जुनी सवय काही सुटलेली नाही. वहीच्या डाव्या बाजूला ‘वॉटर’, उजव्या बाजूला ‘पाणी’. मग ‘ही वॉटर्स द प्लँट्स’ हे वाक्य समोर आले की मुलगा ‘तो... पाणी... झाडे...’ इथे अडकतो. वाक्यात क्रियापदच नाही असे त्याला वाटते, कारण त्याच्या वहीत ‘वॉटर’ हे नाम म्हणून नोंदले गेले आहे आणि त्या शब्दाला दुसरे कामही असते हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. चूक मुलाची नाही. इंग्रजी शब्दाची जात वहीतल्या रकान्यात ठरत नाही, ती वाक्यातल्या जागेवर ठरते. हे न सांगता शब्द पाठ करायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

जागा म्हणजे काय, ते त्याच लेबलावर पाहा. ‘डेट ऑफ टेस्ट’मध्ये टेस्टच्या आधी ‘ऑफ’ आहे. इंग्रजीत ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘इन’, ‘विथ’ असे शब्द आले की त्यांच्या मागोमाग नामच येणार. तेव्हा टेस्ट इथे चाचणी. ‘डू नॉट यूज’मध्ये यूजच्या आधी ‘डू नॉट’ आहे, म्हणजे ते क्रियापद. त्याच वाक्यातला ‘फीड’ मात्र ‘फॉर’च्या मागे आल्यामुळे नाम झाला: जनावरांचे खाद्य. ‘ए’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ आधी असले तर नाम. ‘टू’, ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’ असले तर क्रियापद. शेजाऱ्यांवरून शब्द ओळखायचा, एवढी खूण नव्वद टक्के वेळा पुरते असे म्हणायचा मोह होतो, पण आकडा कशाला? रोजच्या वाचनाला ती पुरते, हे कोणीही स्वतः एक पान वाचून ताडून पाहू शकतो.

कानाने ओळखायच्या खुणाही आहेत, आणि त्या आपल्याकडे सहसा शिकवल्याच जात नाहीत. ‘यूज’ हा शब्द नाम असेल तेव्हा इंग्रज त्याचा शेवट ‘स’ असा करतो, ‘यूस’. क्रियापद असेल तेव्हा शेवट घोगरा होतो, ‘यूझ’. घर या अर्थाचा ‘हाउस’ आणि घरात जागा देणे या अर्थाचा ‘हाउझ’ यांच्यातही हाच फरक. दुसरी खूण आघाताची. प्रोड्यूस हा शब्द घ्या. शेतमाल या अर्थी पहिल्या अवयवावर जोर येतो आणि तो ‘प्रॉड्यूस’ असा ऐकू येतो. उत्पादन करणे या अर्थी जोर पुढे सरकतो आणि ‘प्रड्यूस’ होतो. भूमी अभिलेखाच्या कार्यालयातले ‘रेकॉर्ड’ हे नाम, जोर आरंभी. तेच आवाज मुद्रित करणे या अर्थाने ‘रिकॉर्ड’, जोर शेवटी. इंपोर्ट, एक्स्पोर्ट, परमिट, कंडक्ट ही सगळी याच घरातली. मराठीत आघात पुढेमागे केल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही आणि आपण दोन्ही ‘रेकॉर्ड’च म्हणतो. समजायला अडत नाही, पण इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला अडखळायला होते.

इंग्रजी अशी का झाली, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आजच्या मराठीसारखी प्रत्ययांनी लगडलेली होती. झोप या नामाला तेव्हा ‘स्लॅप’ म्हणत आणि झोपणे या क्रियापदाला ‘स्लॅपन’. शेवट म्हणजे ‘एंडे’, संपवणे म्हणजे ‘एंडिअन’. घर ‘हूस’, घरात ठेवणे ‘हूसिअन’. नामाला नामाचे प्रत्यय, क्रियापदाला क्रियापदाचे. पुढे उत्तरेकडून आलेल्या लोकांची भाषा, १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांची फ्रेंच आणि बोलण्याच्या ओघात शेवटच्या अक्षरांची झालेली झीज या सगळ्यांत हे प्रत्यय तीन-चारशे वर्षांत गळून गेले. ‘स्लॅप’ आणि ‘स्लॅपन’ दोघांचेही ‘स्लीप’ झाले. ‘हूसिअन’मधला ‘स’ दोन स्वरांच्या मध्ये सापडल्याने घोगरा उच्चारला जात होता. प्रत्यय गळाले तरी तो घोगरेपणा मागे राहिला. ‘हाउझ’मध्ये आजही ऐकू येतो तो तोच. ‘यूस’ आणि ‘यूझ’ हे जोडपे फ्रेंचमधून आले, पण त्यांच्या फरकाचे मूळही तसेच, दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘स’मध्ये.

प्रत्यय गेल्यावर कोण कर्ता आणि कोण कर्म, काय नाम आणि काय क्रिया, हे सांगायचे काम शब्दांच्या क्रमावर पडले. इंग्रजीने तो क्रम घट्ट आवळला. ‘मुलाने सापाला मारले’ हे वाक्य मराठीत ‘सापाला मुलाने मारले’, ‘मारले मुलाने सापाला’ असे कसेही फिरवा, मेला सापच. ‘ने’ आणि ‘ला’ आपापल्या माणसाला धरून असतात. इंग्रजीत मुलगा आणि साप यांच्या जागा बदलल्या तर मुलगाच जिवाला मुकतो. क्रमाच्या या शिस्तीमुळेच इंग्रजीला एक मोकळीक मिळाली: क्रियापदाच्या जागेवर कोणतेही नाम आणून बसवा, ते क्रियापद होते. नवीन प्रत्यय जोडायला नको, रूप बदलायला नको. भाषाशास्त्रात याला रूपांतर किंवा शून्य प्रत्यय म्हणतात.

या मोकळिकीची किंमतही मोजावी लागते. इंग्रजी वर्तमानपत्रे मथळ्यात जागा वाचवण्यासाठी ‘ए’, ‘द’, ‘ऑफ’ हे छोटे शब्द गाळतात, आणि खुणाच गेल्यावर वाचणारा चाचपडतो. समजा मथळा असा आहे: ‘मार्केट वॉटर सप्लाय कट्स वरी ट्रेडर्स’. यातले पहिले पाचही शब्द नाम किंवा क्रियापद काहीही होऊ शकतात. वाचक ‘कट्स’पाशी क्रियापद समजून थांबतो, पुढे ‘वरी’ येते तेव्हा दचकून मागे जातो आणि मग कळते की खरे क्रियापद ‘वरी’ आहे, काळजीत टाकते या अर्थाचे. आपला उपसंपादक हीच बातमी ‘बाजारातील पाणीकपातीने व्यापारी चिंतेत’ अशी देईल. तिथे ‘तील’, ‘ने’, ‘त’ प्रत्येक शब्दाचे नाते सांगून मोकळे होतात.

मग मराठीत हा प्रकार नाहीच का? आहे, आणि भरपूर आहे. ‘बाळाला झोप आली’ आणि ‘बाळा, झोप’ यांतला शब्द अक्षरशः एकच. खेळ, नाच, मार, बोल, शोध, समज, वाढ, तोड, जोड, धाव यांचेही तसेच. मराठीत एकट्या ‘तू’ला केलेल्या आज्ञेत धातू उघडा उभा असतो, म्हणून तो नामासारखा दिसतो. फरक एवढाच की वाक्यात शिरला की त्याला लगेच प्रत्यय चिकटतो: खेळाला, खेळात, खेळाचा झाला तर नाम, खेळतो, खेळला, खेळू लागला झाला तर क्रियापद. आधी नाम की आधी क्रिया, हा वादही आपल्याकडे फार जुना आहे. यास्काच्या निरुक्तात तो नोंदलेला आहे: सगळी नामे धातूंपासूनच निघाली असे शाकटायनाचे मत, तर सगळी नाहीत असे गार्ग्याचे. संस्कृत व्याकरणाने नामापासून बनलेल्या क्रियापदांना नामधातू असे स्वतंत्र नावच दिले. पुत्राची इच्छा करतो या पूर्ण वाक्याला तिथे ‘पुत्रीयति’ हा एकच शब्द पुरतो. मराठी व्याकरणात त्यांना साधित धातूंत घालतात आणि शाळेत हाताळणे, पाणावणे, स्थिरावणे, पुढारणे अशी उदाहरणे देतात.

ही उदाहरणे ठीक आहेत, पण जालन्यातल्या मुलासाठी याहून जवळची उदाहरणे शेतात पडलेली आहेत. नांगर हे नाम. नांगराने करायचे काम ते नांगरणे. वखर हे नाम, वखरणे हे काम. कोळपे, कोळपणे. खुरपे, खुरपणे. फवारा, फवारणे. अवजाराचे नाव घेतले, त्याला क्रियापदाचे प्रत्यय लावले की काम तयार. इंग्रजीतले ‘प्लाउ’ अगदी याच वाटेने गेले: आधी नांगर हे नाम होते, नांगरणे हा अर्थ मागाहून आला. मराठीने आणखी एक पाऊल पुढे टाकले. नांगरणेवरून नांगरणी, वखरणेवरून वखरणी, कोळपणेवरून कोळपणी, खुरपणेवरून खुरपणी असे कामाच्या हंगामाचे आणि मजुरीचे पुन्हा एक नाम तयार केले. ‘नांगर आणला’, ‘रान नांगरलं’ आणि ‘नांगरणीचे पैसे दिले’ या तीन बोलण्यांत एकच शब्द तीन रूपांनी येतो आणि कुठेही घोटाळा होत नाही.

हा नियम जिवंत आहे याचा पुरावा प्रदेशाप्रदेशाने मिळतो. मराठवाड्यात वखर, म्हणून वखरणे. पश्चिम महाराष्ट्रात त्याच जातीच्या अवजाराला कुळव म्हणतात, म्हणून तिकडे कुळवणे. शेजारच्या विदर्भात डवरा असतो, तर तिथे डवरणी होते. नाव बदलले की क्रियापदही बदलते.

पण तिफण? मराठवाड्यात पेरणीला तिफण असते, तीन फणांची. ‘रान तिफणलं’ असे मात्र कोणी म्हणत नाही. तिफण हाकतात, तिफण धरतात, आणि काम असते पेरण्याचे. कारण साधे आहे: त्या कामाला पेरणे हा धातू आधीपासून होता, नवा घडवायची गरजच पडली नाही. इंग्रजीतही नेमके हेच घडते. तिथे झाडूला ‘ब्रूम’ म्हणतात, पण झाडण्याला ‘स्वीप’ हा जुना शब्द हजर असल्यामुळे ‘ब्रूम’ सहसा क्रियापद होत नाही. हिवाळा घालवणे याला ‘विंटर’, उन्हाळा घालवणे याला ‘समर’ म्हणता येते. पण वसंत घालवणे याला ‘स्प्रिंग’ म्हणता येत नाही, कारण उडी मारणे या अर्थाने ती जागा आधीच भरलेली. ईव्ह क्लार्क आणि हर्बर्ट क्लार्क या अभ्यासकांनी १९७९ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात अशा क्रियापदांवर मोठा निबंध लिहिला, त्यात हा अडथळ्याचा नियम नीट मांडला आहे.

त्यांनी केलेली वर्गवारी शेतकऱ्याला सहज पटेल अशी आहे. काही नामांपासून ‘त्या वस्तूने काम करणे’ असा अर्थ निघतो, आपल्या नांगरणेसारखा. काहींपासून ‘ती वस्तू घालणे’, तर काहींपासून थेट उलट, ‘ती वस्तू काढून टाकणे’. ‘वीड’ म्हणजे तण, आणि ‘वीड’ म्हणजे तण घालणे नव्हे, तण काढणे, आपण निंदणे म्हणतो ते. ‘सीड’ तर दोन्हीकडे जाते: शेताबद्दल बोलत असाल तर बी पेरणे, फळाबद्दल बोलत असाल तर बिया काढणे. ‘डस्ट’चेही तसेच. डस्ट म्हणजे धूळ किंवा भुकटी. टेबल डस्ट करायचे म्हणजे त्यावरची धूळ पुसायची. पीक डस्ट करायचे म्हणजे त्यावर भुकटी उडवायची. म्हणूनच शाळेतले डस्टर फळ्यावरचा खडू पुसते आणि शेतातले डस्टर पिकावर गंधकाची भुकटी टाकते. एकाच घरात या दोन वस्तू नांदतात आणि नाव एकच असते. मराठीने यातले एकच काम उचलले आणि त्याला स्वतःचे क्रियापद दिले: धुरळा, धुरळणे, धुरळणी. कृषी खात्याच्या पत्रकांत गंधकाची धुरळणी करा असे छापलेले असते. कोण्या खेडुताने आणि कोण्या अधिकाऱ्याने मिळून तो घडवला असेल कोण जाणे, पण इतका नेमका शब्द मला दुसरा आठवत नाही.

मराठीचा नामधातू एकदा घडला की बहुधा एकाच अर्थाला चिकटून राहतो, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीचे ‘वॉटर’ पिकालाही लागते, गुरांनाही, डोळ्यांनाही आणि तोंडालाही. आपले पाणावणे मात्र डोळ्यांचे. पिकाला पाणी देतात किंवा भरतात, गुरांना पाजतात, तोंडाला सुटते. एका शब्दाच्या जागी चार क्रिया. शिकणाऱ्या परदेशी माणसाला हे जड जात असेल, पण ऐकणाऱ्याला कुठे शंका उरत नाही.

आता इंग्रजी शब्द मराठीत आले की काय होते, ते पाहू. नाम म्हणून ते आपल्यात पूर्ण मिसळतात. त्यांना लिंग मिळते, सामान्यरूप मिळते: तिकिटाचे, टेबलावर, मोटारीत. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यांत ‘स्क्रॅप आलं’, ‘स्क्रॅपचा भाव चढला’ असे सहज बोलतात, स्क्रॅप नपुंसकलिंगी. पण क्रियापद व्हायचे म्हटले की तोच शब्द दारात थांबतो. ‘गाडी स्क्रॅपली’ असे कोणी म्हणत नाही, ‘गाडी स्क्रॅप केली’ म्हणतात. शेतातही तसेच: बैलाच्या वखराने वखरतात, पण ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरचे ‘रोटाव्हेटरणे’ होत नाही, रोटा मारतात. फवारतात, पण स्प्रे मारतात किंवा करतात. इंग्रजीत जो शब्द मुळात फक्त क्रियापदच आहे, त्यालाही आपण हीच वागणूक देतो: सिलेक्ट करणे, ॲडजस्ट करणे. मराठीच्या लेखी बाहेरचा प्रत्येक शब्द आधी नाम, आणि क्रिया घडवायचे काम करणे, होणे, मारणे, घेणे, लावणे यांचे. जगभरच्या भाषांत नामे सहज उसनी घेतली जातात आणि क्रियापदे कष्टाने, हे भाषाशास्त्रातले जुने निरीक्षण आहे; त्यातून सुटायची ही एक रुळलेली वाट.

या वाटेने एक फायदा असा झाला की इंग्रजीत जागेवर सोडलेला निवाडा आपण मदतनीस क्रियापदावर सोपवला. ‘चार्ज’ घ्या. मोबाइल चार्ज करतात. जिल्हा परिषदेत नवा अधिकारी चार्ज घेतो आणि जुना चार्ज देतो. दुकानदार घरपोच माल पाठवायचा चार्ज लावतो. पोलिसांचा लाठीचार्ज होतो. इंग्रजीत हे सगळे एकाच शब्दाच्या पोटात आहे, आणि आपल्याकडे करणे, घेणे, लावणे, होणे यांवरूनच अर्थ निश्चित होतो. टेस्टचेही तेच: गुरुजी टेस्ट घेतात, मुले देतात, आणि बियाण्याच्या प्रयोगशाळेत टेस्ट करतात.

उसना शब्द कधीच मराठी धातू होत नाही, असेही नाही. जालना मराठवाड्याबरोबर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, आणि त्याच्याही आधी कितीतरी शतके फारसी-अरबी शब्द या मुलखात वावरत होते. त्यांतले बहुतेक आजही करणेचा हात धरून चालतात: मंजूर करणे, दाखल करणे, हजर होणे. पण काही मात्र आतपर्यंत आले. खर्चवरून खर्चणे, बदलवरून बदलणे, शरमवरून शरमणे, डागवरून डागणे. आजमावणे आणि फर्मावणे तर इतके घरचे झाले की त्यांचे मूळ सांगितल्यावर लोक चकित होतात. ‘दिवस बदलले’ म्हणताना आपण अरबी नामाला मराठी भूतकाळाचा प्रत्यय लावत असतो.

इंग्रजीवालेही आपल्याच भाषेतल्या अशा नव्या क्रियापदांवर नेहमी खूश नसतात. १७८९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने कोशकार नोआ वेबस्टरला पत्र लिहून ‘नोटीस’, ‘ॲडव्होकेट’, ‘प्रोग्रेस’ हे शब्द क्रियापद म्हणून वापरले जात आहेत अशी तक्रार केली होती. आज ही तिन्ही क्रियापदे कोणाला खटकत नाहीत. २००६ मध्ये ‘गूगल’ हे क्रियापद म्हणून ऑक्सफर्ड कोशात आले. मराठीत बहुतेक जण ‘गुगल कर’ असेच म्हणतात. पण कॉलेजातल्या मुलांच्या तोंडी ‘गुगलून बघ’, ‘गुगललं तर सापडेल’ हेही अधूनमधून ऐकू येते. त्यात ‘ऊन’, ‘लं’ हे प्रत्यय बिनचूक लागलेले असतात, अगदी वखरून आणि वखरलं यांना लागतात तसे.